सव्वानऊ इंचांची वीत

त्या दिवशी हवा कोरडी होती. बारीक वारा, स्वच्छ ऊन. दुरुस्तीवाला म्हणाला, "आजच लावू. दमट हवेत जुन्या फ्लॉपीला हात लावू नये." तेव्हा इतक्या वर्षांनी मला जाग आली.

मी एक जुना प्रोग्रॅम बोलतोय, फ्लॉपीवर राहणारा. मला कुणी वाचत नाही बरं का, मला चालवतात. मी शिकलेला नाही; पोटात घातलंय तेवढं करतो. ते घातलं कुणी, हे मात्र मलाच ठाऊक नव्हतं. जन्मताना कुणाला डोळे असतात?

एवढं आठवतं, पडदे शिवायचं दुकान होतं. गिऱ्हाईक घरची खिडकी हातानंच मोजून यायचं, "सात वीत आहे हो" म्हणायचं. मालक कळा दाबायचे, मी कापड सांगायचो. पुढे मालक गेले, दुकान मिटलं, मी डब्यात पडलो.

आता मालकांची मुलगी मला घेऊन आली होती. सोबत आत्या, मालकांची धाकटी बहीण.

"हे बाबांनीच केलंय का, एवढंच सांगा," मुलगी म्हणाली. "त्यांचं असेल तर जपून ठेवीन. नाहीतर सगळं भंगारात देऊन टाकते."

"दादा कसला करतोय," आत्या म्हणाली. "लोकांच्या फ्लॉप्या मागून आणायचा आणि नकला करत बसायचा. दुकानात पडदे ढीगभर, हा बघणार कॉम्प्युटरच्या त्या एकाच पडद्याकडे."

"आत्या, थांब ना जरा."

दुरुस्तीवाल्यानं माझं पोट उघडलं. मी मुकाट पडून राहिलो. मलाही बघायचंच होतं. अंगावरची तारीख खोटी निघाली. दुकानातल्या त्या कॉम्प्युटरच्या घड्याळाची बॅटरी मेलेली, रोज उठला की तो आपला पहिल्याच तारखेवर. आत एक नाव सापडलं, पण ते ज्या सॉफ्टवेअरनं मला बांधलं त्याच्या कंपनीचं.

"ही झाली दाई," तो म्हणाला. "बाप कोण, ते दाईवरून नाही कळत."

मग त्यानं मला चालवलं. मी विचारलं, किती वीत? त्यानं चार घातले. मी सांगितलं, सदतीस इंच.

"बघा. वीत नऊ इंचांची, चार म्हणजे छत्तीस. कुणातरी कच्च्या माणसाचं काम आहे. तुमच्या बाबांचा जन्म कापड मोजण्यात गेला, ते असं चुकतील का?"

फ्लॉपी काढायला त्यानं हात पुढे केला.

"थांब रे," आत्या म्हणाली. "आठ घाल."

चौऱ्याहत्तर.

"चुकलं नाहीये ते. दादाची वीत आहे ती. सव्वानऊ भरायची. दोरी घ्यायला गेलो की दुकानदार म्हणायचा, तुझा हात राहू दे, माझ्या हातानं मोजू." मग ती हसायलाच लागली. "तरीच याचे पडदे जमिनीवर लोळायचे."

"म्हणजे बाबांनीच?"

"असली वीत दुसरा कोण धरणार, बाळा?"

मुलगी हसली की रडली, आतून मला नीट कळलं नाही. मला मात्र माझा बाप कळला, आणि त्याचा हात केवढा होता तेही.

आता आम्ही सगळे नव्या डिस्कवर आहोत, त्या फ्लॉपीवरचं अख्खं बिऱ्हाड. तुमच्याकडे अशी जुनी फ्लॉपी निघाली, तर टाकण्याआधी एकदा चालवून बघा, एवढंच मागणं.

माझ्या शेजारी एक बुद्धिबळाचा खेळ राहतो. तसा घुम्या. काल हळूच म्हणाला, "अरे, त्या आत्याबाई पुन्हा आल्या तर माझ्याकडेही बघायला सांग ना. मी माझा हत्ती उगाचच लवकर मारू देतो. असं कोण खेळायचं, त्यांना माहीत असेल."