झेंड्यावरच्या चार फिती

“यातली माझ्या ब्रेंटची फीत कुठली?” मिसेस सोबचाकनी झेंड्याजवळ येऊन विचारलं.

 दहा मिनिटांत झेंडा गुंडाळून खोळीत जायचा होता आणि आमची ट्रेनिंग ब्रिगेड कायमची बंद व्हायची होती. मिलवॉकीच्या त्या हॉलमध्ये ब्रिगेडची वंशावळ आणि मानसन्मान मीच नुकते वाचून दाखवले होते. झेंड्याच्या काठीला चार फिती, एकेका मोहिमेच्या नावाची एकेक, चारही दुसऱ्या महायुद्धातल्या. त्या मोहिमा लढली होती एक जुनी पायदळ रेजिमेंट. ती मोडली आणि तिचा वारसा कागदोपत्री आमच्याकडे आला. आम्ही पडलो राखीव दलातले मास्तर. आठवडाभर कुणी ट्रक चालवायचा, कुणी छपरं शाकारायची, आणि सुट्टीत पोरांना बंदूक धरायला शिकवायचं. आमच्यातल्या बहुतेकांनी लढाई डोळ्यांनी पाहिलेली नाही.

ब्रेंट माझ्या हाताखाली शिकला आणि इराकमध्ये दुसऱ्याच पलटणीत मेला. ज्या पलटणीत माणूस लढतो, मान तिचा. शिकवणाऱ्याला काही नाही. हे ठाऊक असून तेव्हा त्याच्या आईला मी पत्रात लिहून मोकळा झालो होतो, की तो आमच्या झेंड्यावर कायम राहील. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या पेनालाही नव्हतं.

“सार्जंट केस्लर, आटपा,” कर्नलसाहेब पुटपुटले.

“ही,” मी म्हटलं आणि कडेची फीत तिच्या हातात दिली.

तिनं चष्मा लावून अक्षरं वाचली. “राइनलँड. हे जर्मनीत ना? माझे वडील होते तिथं.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. “खोटं बोललो, मिसेस सोबचाक. त्याची फीत त्याच्या पलटणीच्या झेंड्यावर आहे, कॅन्ससला. आमच्याकडे त्याचं काहीच नाही.”

“मग लिहिलंत कशाला? बारा वर्षं गावभर सांगतेय मी, पोरगा मिलवॉकीच्या झेंड्यावर आहे म्हणून.”

 तिचं सांत्वन करायचं होतं, आणि थोडं माझंही.

हुकूम झाला. दोघांनी काठी आडवी धरली, मी कापड गुंडाळू लागलो. तीन फिती आत गेल्या, चौथी तिच्या मुठीत. सगळा हॉल सावधान उभा.

“सोडा आता,” मी हळूच म्हणालो.

“सोडते ना,” ती म्हणाली. पण मूठ उघडेना.

शेवटी तिची बोटं मीच एकेक करून सोडवली आणि झेंड्यावर खोळ चढवली.