गोली नामा

ठाण्यात, वर्तकनगर कॉलनीतल्या एका बिल्डिंगीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आमची शाळा भरायची. मतिमंद मुलांची शाळा. तेव्हा तसंच म्हणायचे, पाटीवरही तसंच लिहिलं होतं. मी तिथे शिकवायला लागले ते सत्त्याऐंशी साली. शाळा दुपारची. खेळाचा तास म्हणजे मुलांना रांगेत उभं करायचं आणि हात वर, हात खाली. मुलं कंटाळायची, मीही कंटाळायचे.

तानाजी पालव त्याच कॉलनीत राहायचे. कोलशेतच्या एका कारखान्यात फिटर होते आणि कंपनीच्या फुटबॉल टीममध्ये लेफ्ट आऊट खेळायचे. फर्स्ट शिफ्ट करून आले की गॅलरीत चहा पीत आमची कवायत बघायचे. एक दिवस काखेत जुना बॉल घेऊन खाली आले आणि म्हणाले, बाई, हा तास मला द्याल का?

मी विचारलं, या मुलांना जमेल का. ते म्हणाले, माहीत नाही, बघू. पुढे खूप दिवसांनी कधीतरी बोलता बोलता सांगितलं, की गावाला त्यांचा एक धाकटा भाऊ असाच होता. त्याला घरच्यांनी कधी अंगणापलीकडे नेलं नाही. 

सुरुवातीचे महिने नुसता गोंधळ. कुणी बॉल दिसला की पळून जायचं, कुणी त्याच्यावर बसायचं. मालन नावाची मुलगी बॉलमागे धावता धावता सरळ गेटबाहेर निघून जायची. तानाजींनी कधी आवाज चढवला नाही. एका मुलाला शिट्टीची भीती वाटते हे कळल्यावर त्यांनी ती घरीच ठेवली. मालनला त्यांनी एवढंच शिकवलं, की चुन्याची रेघ आली की मागे वळायचं. तेवढ्यात पावसाळा गेला.

नामा कोलशेतच्या कोळ्यांचा. तेरा-चौदा वर्षांचा, अंगाने थोराड, बोलणं तुटक. बॉल आला की दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरायचा. पायाने मारायला शिकवून आम्ही थकलो. शेवटी तानाजीच हसले. म्हणाले, अहो, चुकतोय आपण. हा गोली आहे, गोलकीपर.

पण गोलीने बॉल सोडायलाही हवा. नामा सोडायचा नाही. तानाजी त्याच्यासमोर मांडी घालून बसायचे, हात पुढे करून. कधी कधी सगळा तास तसाच जायचा. दिवाळीच्या सुट्टीनंतर नामा आपणहून बॉल द्यायला लागला.

मग तानाजींनी कॉलनीच्या पोरांशी मॅच ठरवली, सव्वीस जानेवारीला, झेंडावंदन झाल्यावर. हे कळलं तसे नामाचे वडील, धाकू, शाळेत आले. खाडीत मासेमारी करायचे. दारातच उभे राहून म्हणाले, "शालेत येतंय ता ठीक हाय, बाई. चार लोकांत नको. लोका हसतान."

तानाजी तिथेच होते. तानाजी म्हणाले, हसतील कदाचित. तुम्ही या बघायला.

धाकू आले, पण लांब, पाण्याच्या टाकीपाशी उभे राहिले. मॅच सुरू झाली. कॉलनीची पोरं मुद्दाम पडत होती, बॉल हळूच आमच्या मुलांच्या पायाशी आणून देत होती. आम्ही तीन गोलने पुढे गेलो. लोक टाळ्या वाजवत होते, मलाही छान वाटत होतं. पण नामा गोलमध्ये खाली बसून माती उकरत होता, आणि मालन मैदानाच्या मधोमध नुसती उभी होती.

इंटरव्हलला तानाजी कॉलनीच्या कॅप्टनकडे गेले. मी शेजारीच होते.

"हरायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"काका, त्यांना बरं वाटेल म्हणून."

"त्यांना कळतंय. खेळायचं तर नीट खेळा, नाहीतर घरी जा."

पोरांचे चेहरे पडले, पण नंतर ती खरंच खेळली. आमच्यावर गोल व्हायला लागले. मालन धडपडली तेव्हा कुणीतरी हसलं, तीही हसली आणि उठून धावली. मग त्यांच्या कॅप्टनने लांबून जोरात फटका मारला. बॉल नामाच्या छातीवर बसला आणि नामा उताणा पडला.

 टाकीकडून धाकू धावत आले, चपला वाटेतच राहिल्या. ते नामाला उचलायला वाकले, तोवर तानाजीही पोचले होते. नामाने डोळे उघडले. बॉल त्याच्या हातातच होता. तानाजींनी त्याची छाती चाचपली, श्वास बघितला, आणि सरळ उभे राहिले.

"धाकूदादा, रेघेच्या बाहेर व्हा. खेळ चालू आहे."

धाकू तसेच वाकलेले राहिले. मला वाटलं, आता हा माणूस मुलाला घेऊन जाणार आणि पुन्हा काही पाठवणार नाही. नामाने बापाकडे बघितलं, उठला आणि बॉल मालनकडे फेकला. धाकू मागे सरकत सरकत रेघेबाहेर गेले. मॅच संपेपर्यंत तिथेच, गोलच्या बाजूला उभे होते, अनवाणी.

आम्ही हरलो. किती गोलने, ते आता आठवत नाही. मुलांनी मात्र झेंडावंदनाचे लाडू खाताना कॉलनीच्या पोरांना हाताला धरून आपल्याजवळच बसवून ठेवलं.

पुढच्या आठवड्यात धाकू खांद्यावर जुनं जाळं घेऊन आले. आमच्या गोलला नुसते दोन बांबू होते. त्यांनी मागे आणखी बांबू रोवले आणि दुपारभर बसून जाळं बांधलं. मी चहा नेऊन दिला तर एवढंच म्हणाले, "बॉल लय लांब जाते. आणता आणता पोरां दमतान."

पुढे कंपनी बंद पडली आणि तानाजी कुडाळकडे गावी गेले. तो तास मग मीच घेतला. मला फुटबॉल येत नव्हता, अजूनही येत नाही. आता डोंबिवलीला लेकीकडे बसून त्या दुपारी आठवतात. पदर खोचून मी मैदानाच्या कडेला उभी असायचे, आणि होडी लवकर लागली असेल त्या दिवशी धाकू येऊन शेजारी उभे राहायचे.  दोघंही नामाकडे बघत असायचो.