माझे दिवे लाल झाले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे, दिव्यांची. ऐकून नाक मुरडू नका. हातभर लांब, काळी, तीन पायांच्या स्टँडवर उभी आणि पोटात बारक्या हिरव्या दिव्यांची रांग. बटण दाबलं की दिवे एकामागून एक लागतात, विझतात आणि बघणाऱ्याला वाटतं, एक हिरवा ठिपका डावीकडून उजवीकडे पळतोय आणि परत येतोय. माझं काम एवढंच. त्या एवढ्याशा कामाचा मला केवढा तोरा होता आणि तो कसा उतरला, ते सांगते.

कारखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर दुकानांच्या झगमगत्या पाट्या तयार होत. मला वाटायचं, आपणही एखाद्या दुकानावर झळकणार. पण मला घेतलं मनाच्या धक्क्यांवर उपचार करणाऱ्या एका बाईंनी. सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खिडकीखाली रस्ता आणि पलीकडे शाळेचं फाटक. मी हिरमुसलेच होते. मग काम सुरू झालं.

माझ्यासमोर माणूस बसायचा. ताई सांगायच्या, "ती आठवण मनात धरा. डोकं हलवू नका, फक्त डोळ्यांनी दिव्याच्या मागे जा. नकोसं झालं तर हात वर करा, मी लगेच थांबवेन." मी धावायचे. थोड्या वेळाने ताई मला थांबवून विचारायच्या, "श्वास घ्या. आता काय येतंय मनात?" की पुन्हा मी. आगीतून वाचलेली एक आजी तर आधी माचिस बघूनही थरथरायची. पुढे तीच आजी ताईंना सांगून गेली की आज चहा मीच केला. "आठवण पुसली जात नाही," ताई म्हणायच्या, "पण ते सगळं आत्ता घडतंय, असं वाटणं कमी होतं." लोक जाताना माझ्याकडे बघायचे. म्हणायचे, काय जादू आहे या पट्टीत. मी अशी फुगायचे की विचारू नका.

मग ड्रायव्हरदादा आले. ते रुग्णवाहिका चालवत. एकदा रुग्ण घेऊन जाताना एक लहान मुलगी वडिलांचा हात सोडून गाडीसमोर धावली. दादांनी तिला आपल्याच गाडीत घालून दवाखान्यात नेलं, पण ती वाचली नाही. तेव्हापासून गाडी चालवणं सोडाच, दादांना साधा रस्ता ओलांडता येईना.

"माझी चिमी पहिलीत आहे, ताई. या समोरच्याच शाळेत," ते म्हणाले. "तिचा हात धरून फुटपाथच्या कडेला उभा राहतो आणि पाय उचलत नाहीत. पोरगीच मला समजावते, बाबा, राहू दे, आई सोडेल. मला तिला एकदा त्या फाटकापर्यंत न्यायचंय. बाकी काही नको."

आम्ही कामाला लागलो. दादांचा श्वास हळूहळू मोकळा होऊ लागला होता. आणि नेमके तेव्हाच माझे दिवे मिणमिणायला लागले. मिस्त्रीकाकांनी मला उघडलं, नवे दिवे बसवले आणि म्हणाले, "हिरवे मिळाले नाहीत, लाल टाकलेत. उलट उठून दिसतील." ताई घाईत होत्या. त्यांनी मान हलवली. मला तर नव्या कपड्यांचा आनंद झाला होता.

दादा येऊन बसले. ताईंनी बटण दाबलं.

मित्रांनो, तो क्षण आठवला की अजून माझ्या तारा गारठतात. माझा लाल ठिपका धावला, खिडकीच्या काचेवरही लाल धावलं आणि दादांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी हात वर केला नाही. दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती आणि उजवा पाय फरशी दाबत होता. ताईंनी झटकन मला बंद केलं आणि त्यांच्यासमोर खाली बसल्या. "दादा, माझ्याकडे बघा. तुम्ही माझ्या खोलीत आहात. पायाखाली फरशी आहे."

मग दादांनी खुर्चीवरची पकड सोडली. "गाडीवरचा दिवा असाच फिरत होता. दुकानांच्या काचांवर सगळीकडे लाल. आणि ती पोर मागे गाडीत होती, ताई."

"माझी चूक झाली," ताई म्हणाल्या. "तुमच्यासमोर लावण्याआधी मी बघायला हवं होतं, तुम्हाला विचारायला हवं होतं."

मी सुन्न झाले. मी तर बरं करणारी होते ना? जे धावणं लोकांना मोकळं करत होतं, त्याच धावण्याने मी एका माणसाला पुन्हा त्या रस्त्यावर नेऊन टाकलं होतं. रंग बदलल्यावर मी कशासारखी दिसेन, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

माझी रवानगी कपाटात झाली. दादा पुन्हा येतील असं मला वाटलं नव्हतं, पण ते आले. ताई आता आपली दोन बोटंच त्यांच्या डोळ्यांसमोर फिरवत. म्हणजे माझ्यावाचून काही अडलं नव्हतं, हाही धक्काच की. फटीतून मी ऐकत राहायचे. एकदा ताईंनी विचारलं, "लाल दिवे लावले त्या दिवशी तुमचा उजवा पाय काय दाबत होता?"

फरशीवर पाय दाबल्याचा आवाज आला.

"ब्रेक," दादा म्हणाले. "मी ब्रेक दाबला होता, ताई. पूर्ण. इतके दिवस वाटायचं, मी दाबलाच नाही." आणि ते ओक्साबोक्शी रडले.

पुढच्या खेपेला त्यांनी स्वतःच विचारलं, "ती पट्टी कुठाय? काढा बाहेर." ताईंनी हिरवे दिवे आणून ठेवले होते. दोघांनी मिळून ते बसवले, शेवटचा स्क्रू दादांनी पिळला. मग समोर बसून म्हणाले, "हं, लावा आता."

मित्रांनो, आता माझे स्क्रू सैल झाले आहेत आणि मी खिडकीशी उभी असते. तुम्हाला एकच विनवणी. कुणाचं दुःख हलकं करायला जाल, तेव्हा हातातली वस्तू त्याला कशी दिसते, ते आधी त्यालाच विचारा. आणि माझ्यासारखी पट्टी खेळ म्हणून कुणासमोर लावू नका. तिच्याशेजारी ताईंसारखं जाणतं माणूस लागतं.

परवा सकाळी खाली फुटपाथच्या कडेला दादा दिसले, चिमीचा हात धरून. कितीतरी वेळ ते तसेच उभे होते. चिमीने वर बघितलं, बहुतेक आईचं नाव काढलं असावं. दादांनी मान हलवून नाही म्हटलं. मग त्यांचे डोळे उजवीकडे गेले, डावीकडे गेले, पुन्हा उजवीकडे. आणि त्यांनी पाय उचलला.

ताई माझ्याशेजारी श्वास रोखून उभ्या होत्या. दोघं फाटकापाशी पोचले, तेव्हा माझे दिवे बंदच होते.