तळहातावरचं लिंबू

मसाजी वस्तादांचं चरित्र लिहायला घेतलं तेव्हा सुभद्राबाईंना वाटलं, हे काय, चुटकीसरशी होईल. उभा जन्म ज्या माणसाबरोबर काढला त्याचं आठवायचं काय आणि शोधायचं काय! पण पहिल्याच ओळीला हात अडला. नवऱ्याचं नाव लिहायचं होतं. जन्मात कधी तोंडानं घेतलं नव्हतं. बाईंनी डोईवरचा पदर सारखा केला, एकदाचं 'मसाजी' लिहिलं आणि कोणी बघत तर नाही ना म्हणून दाराकडं पाहिलं.

पुढं मात्र गाडी सुसाट सुटली. मेंढरांमागं काठी घेऊन हिंडणारं पोरगं जवळा बाजारच्या तालमीत कसं शिरलं, तिथं त्याच्या हाती दांडपट्टा कसा आला, सगळं झरझर उतरलं. दांडपट्टा म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ आणि तिच्यापुढं लांबच लांब, लवलवतं, दुधारी पातं. नवख्यानं फिरवलं तर आधी त्याचाच कान जायचा! वस्तादांच्या हातात ते असं फिरायचं की माणूस दिसेनासा व्हायचा. गोरेगावच्या जत्रेत लोकांनी मुठी भरभरून ज्वारी फेकली, आणि एक दाणा त्यांच्या अंगाला शिवला नाही. माणसं अक्षरशः तोंडात बोट घालून उभी होती. हे सुभद्राबाईंनी स्वतः बघितलेलं, म्हणून ठासून लिहिलं.

घोडं अडलं ते लिंबापाशी.

वस्तादांचं नाव पार नांदेड-परभणीपर्यंत झालं ते त्या लिंबाच्या खेळानं. समोरच्याच्या तळहातावर लिंबू ठेवायचं आणि पट्ट्याच्या एका फटक्यात त्याच्या दोन फाका करायच्या. तळहाताला ओरखडा नाही! सुरुवातीला तालमीतला एक गडी हात धरायचा. एकदा ऐन वेळेला त्यानं हात ओढला आणि बोटाचं पेर गमावलं. त्यानंतर कोणी पुढं येईना. तेव्हा नुकतीच हट्टा गावाहून लग्न करून आलेली सुभद्रा भरल्या जत्रेत उठून म्हणाली, "मी धरते." सासू किंचाळली. वस्ताद एवढंच म्हणाले, "डोळे मीट. मी म्हणल्याबिगर उघडायचे न्हाईत."

ते डोळे पुढं दरवेळी मिटले. कानाजवळून वारं गेल्यासारखा आवाज यायचा, तळव्याला गार रस लागायचा, लोकांचा एकच गलका उठायचा, आणि मग वस्ताद म्हणायचे, "उघड." खांदा दुखावून वस्तादांनी खेळ सोडला तोवर हे असंच चाललं. तेव्हा खेड्यात मोबाईलवर चित्रण कोण करणार? पेपरात एक फोटो आला होता, त्यातही पट्टा वर उचललेला आणि बाईंचे डोळे गच्च मिटलेले.

"आत्या, लिंबाचं कुठंय?" सून दिपालीनं सगळे कागद उलटेपालटे करून विचारलं. ती लग्न होऊन आली तेव्हा खेळ केव्हाच बंद झाला होता. "लोक आधी तेच उघडून बघतील. वर्षश्राद्धाला पुस्तक यायचंय, हिंगोलीचा छापखानावाला रोज फोन करून राहिला."

"मी कुठं बघितलंय ते?"

दिपाली हसायला लागली, आणि सासूचा चेहरा बघून तिनं हसू आवरलं. म्हणाली, "कोणाला तरी विचारून लिहा की."

"ऐकीव लिहायचं तर कोणी बी लिहिलं असतं," सुभद्राबाई उसळल्या. "मी त्यांची बायको. सगळ्या मुलखानं बघितलं आन् मीच न्हाई! हे बघितल्याबिगर मी पुस्तक देणार न्हाई. छापखाना बसला बोंबलत तर बसू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई सुनेला घेऊन तालमीत हजर. वस्तादांचा पट्टशिष्य रामकिशन आता तिथला वस्ताद. लिंबाचा खेळ जाणणारा तेवढा एकच उरला होता. बाईंचं म्हणणं ऐकून त्यानं कानाला हात लावला. "माय, काय बोलून राहिल्या! ह्या वयात?"

"हात मला धरायचाय. तुला काहून घाम फुटला?"

त्यानं परोपरीनं समजावलं. बाई हटेनात. शेवटी त्यानं पट्टा चढवला. सुभद्राबाईंनी हात पुढं केला, तळव्यावर लिंबू ठेवलं, आणि यावेळी डोळे टक्क उघडे ठेवले. हात दगडासारखा स्थिर होता. सवयच होती त्याला.

रामकिशन समोर आला, थबकला. त्यानं पट्टा उतरवून मातीवर ठेवला, गुडघे टेकले आणि बाईंच्या पावलांपुढं, पावलांना न शिवता, कपाळ जमिनीला लावलं.

"अरे ऊठ! माझ्या काय पाया पडून राहिला?"

"हे माझं न्हाई, माय. वस्ताद करायचे. हरेक वेळेला, पट्टा उचलायच्या आधी."

"कोणापुढं?"

"तुमच्यापुढं." रामकिशन गोंधळला. "तुमाला ठाव न्हाई?"

भरल्या जत्रेत, हजार माणसांसमोर, तो पहाडासारखा माणूस बायकोपुढं कपाळ टेकत होता! साऱ्या मुलखाला ठाऊक, पोटच्या पोराला, दिपालीच्या नवऱ्याला, अंगदला ठाऊक, आणि प्रत्येकानं धरून चाललेलं की बाईंना तर ठाऊक असणारच.

"म्या एकदा इचारलं त्यांना," रामकिशन खाली बघत म्हणाला. "म्हणले, माझा हात चुकला तर तिचा जाईल. मग माफी मागायला तोंड राहायचं न्हाई. म्हणून आधीच मागून ठेवतो. अन् तिनं बघितलं तर लाजून हात मागं घेईल, म्हणून डोळे मिटायला सांगतो."

तेव्हा तो हात थरथरला. लिंबू घरंगळून मातीत पडलं. दिपालीनं पुढं होऊन त्यांना धरलं. "आत्या, बस झालं. चला घरी."

"सोड मला," बाई म्हणाल्या. डोळ्यांतून धार लागली होती, ती त्यांनी पदरानं पुसली आणि लिंबू पुन्हा तळव्यावर ठेवलं. हात स्थिर होईस्तोवर कोणी हललं नाही. "फिरव."

पट्टा सुटला. आधी ते पातं होतं, मग नुसता उजेड झाला. तो उजेड रामकिशनच्या डोक्यावरून, कमरेखालून फिरला, वळला आणि थेट बाईंच्या अंगावर आला. हे! हे समोर घेऊन मी उभी राहत होते? आणि हे हातात धरून तो माणूस दरवेळी माझ्याकडं बघत होता? बाप रे बाप! सपकन आवाज झाला. बाईंची पापणी लवली नाही. दोन फाका तळव्यावर अलगद उघडल्या. सुभद्राबाई बघतच राहिल्या, देवळात मूर्तीपुढं बघावं तशा. नवरा किती मोठा होता हे आज पहिल्यांदा त्यांच्या अंगावर आलं.

घरी येऊन त्यांनी हात धुतला आणि ते पान एका बैठकीत लिहिलं. सगळं लिहिलं, मातीला टेकलेलं कपाळसुद्धा. दिपाली शेजारी बसून वाचत होती. शेवटाला आली आणि अडखळली.

"आत्या, चरित्रात असं थेट त्यांच्याशी बोलत न्हाईत."

"राहू दे तसंच," सुभद्राबाई म्हणाल्या.

पानाच्या तळाशी त्यांनी लिहिलं होतं, 'अहो, तुमची माफी मला आज पोचली. माझा हात शाबूत हाय.'