आवळपट्टा

भिमाबाईच्या लिव्हरमध्ये पू झाला होता, त्याच्या ऑपरेशनला दोन वर्षं झाली. लिव्हर बरं झालं, पण टाक्यांपाशी, उजव्या बरगडीखाली, दुखणं काही हटेना. रक्त तपासलं, एक्स-रे काढले, सगळं ठीक. तिच्या नवऱ्याचा, पुंजारामचा, त्या कागदांवर काडीचा विश्वास नव्हता. आजार परत आलाय आणि ही आपल्याला सोडून जाणार, या धास्तीने गडी अर्धा झाला होता.

ओझरच्या कारखान्यात नटबोल्ट आवळण्यात त्याची उमर गेली. सैल झालेलं आवळलं की दुरुस्त होतं, हे त्याचं सगळं वैद्यकशास्त्र! त्यात आईला त्याने बाळंतिणींची पोटं बांधताना पाहिलेलं. मग काय, रोज सकाळी बसच्या आधी हा बायकोपुढे बसायचा आणि जुन्या धोतराचा पट्टा तिच्या पोटाला करकचून बांधायचा. ती कण्हली की आणखी एक पीळ.

चौऱ्याऐंशी साली सरकारी दवाखान्यात नव्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी भिमाबाईला टेबलावर झोपवलं, पोटाचा पट्टा सोडला, दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "आता नुसती मान उचला." मान उचलताच भिमाबाई कळवळली.

"पोट कडक केल्यावर दुखणं वाढलं, म्हणजे ते आत नाही, वरच्या थरात आहे. टाक्यांत नस अडकलीय. लिव्हरला काही झालेलं नाही. पट्टा कोण बांधतं?"

"मी!" पुंजाराम छाती काढून म्हणाला. "एक दिवस चुकवला नाय."

"त्यानेच ती नस दाबली जातेय. आजपासून बंद."

पुंजारामचा चेहरा उतरला. बाईंनी त्या जागी बधिर करणारं इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत भिमाबाई हसत उठून बसली.

बाहेरच्या बाकावर त्याने विचारलं, "पट्ट्यानं जास्त दुखतंय, हे तुला कळत नव्हतं?"

"पहिल्याच महिन्यात कळलं."

"मंग बोलली का नाय?"

"लग्नाला पंचवीस वर्षं झाली. माझ्यापाशी धा मिनटं निवांत कधी बसले व्हते तुम्ही?" ती पदराशी चाळा करत म्हणाली. "पट्टा सोडला असता तर तुम्ही बी उठून गेले असते."

"येडी का खुळी तू!" तो ओरडला, आणि भर दवाखान्यात त्याला रडू कोसळलं.

दुसऱ्या दिवशी पुंजारामची बस चुकली. दोघं ओट्यावर चहा पीत बसले होते. बस कोपऱ्यावर दिसली तेव्हा भिमाबाईने त्याच्या कपात आणखी चहा ओतला.