शाळेवर ताणलेले शीड

मित्रांनो, मी एक जुने शीड आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी शीड फक्त चित्रात पाहिले असेल, निळ्या समुद्रावर टेकलेला एक पांढरा त्रिकोण. तो त्रिकोण म्हणजे मी. आता मात्र तुम्ही मला पाहिलेत तर ओळखणार नाही.

दाभोळच्या बंदरात, ओल्या वाळूवर चटया अंथरून, जाड सुती कापडाचे पट्टे जोडून माणसांनी मला शिवले. मी मोहिद्दीन तांडेलाच्या फत्तेमारीसाठी होतो. फत्तेमारी म्हणजे मोठे गलबत, आणि तांडेल म्हणजे ते चालवणारा. पहिल्यांदा डोलकाठीवर चढलो तेव्हा पोटात वारा शिरला आणि मला वाटले, आपण आता जमिनीचे राहिलो नाही.

ती वर्षे मला एका लांब स्वप्नासारखी आठवतात. आम्ही कौले, तांदूळ आणि सागाच्या फळ्या घेऊन निघायचो. मग दिवसामागून दिवस फक्त पाणी. सकाळी समुद्र दुधासारखा दिसे, दुपारी काचेसारखा. कधीतरी क्षितिजावर एक पिवळी रेघ उमटे. तांडेल डोळ्यांवर हात धरून म्हणे, "आली रे, दुबईची खाडी आली." परतताना आमच्या पोटात खजूर असे आणि माझ्या अंगाला त्याचा गोड वास लागे.

तांडेल माझी फार काळजी घेत असे. "भिजलेलं शीड तसंच घडी करून ठेवू नका रे," तो खलाशांवर ओरडे. "आतून कुजतं ते." बंदरातली माणसे थांबून माझ्याकडे पाहत. मला ते आवडत असे.

मग फत्तेमारीला इंजिन बसले. ते सारखे धडधडत असे आणि वाऱ्याची वाट पाहत नसे. मला खाली उतरवले. तांडेलाने मला विकले नाही, पण दुबईतल्या देराच्या बाजारामागे एका गोदामात ठेवून दिले. पुढे दुबईतच तो तापाने आजारी पडला. त्याची बायको मैमुनाबी दाभोळहून धावत आली. तिने त्याची खूप सेवा केली, पण तो वाचला नाही.

त्या काळी, म्हणजे एकोणीसशे साठनंतरच्या वर्षांत, तिथे उंच इमारती नव्हत्या. खाडीकाठी खजुरीच्या झावळ्यांची घरे होती. वीज थोड्याच घरांत होती. रत्नागिरीकडची आणि कुलाब्याकडची काही कोकणी कुटुंबे व्यापारासाठी, नोकरीसाठी येऊन राहिली होती. अडीअडचणीला उपयोगी पडावा म्हणून त्यांनी एक धर्मादाय निधी काढला होता. त्याचे नाव कोकण खिदमत फंड. लाकडाचे आणि तांदळाचे व्यापारी खैरुद्दीनशेठ त्याचे प्रमुख होते. माणूस मनाने उदार. कुणाचा बाप समुद्रावर गेला की त्याच्या घरी तांदळाचे पोते पोचे, आजाऱ्याला औषध पोचे, लहान मुलांना दुधाची भुकटी पोचे. मैमुनाबीला त्यांनीच विचारले, "भाभी, तुम्ही मराठी सातवी पास आहात. आमची पोरं इथे नुसती उंडारतात. त्यांना शिकवाल? तुमचं घर फंड बघेल."

मैमुनाबी हो म्हणाली. पण बसायचे कुठे? ऊन असे, की वाळूवर पाय ठरत नसे. तेव्हा तिला माझी आठवण झाली.

मित्रांनो, गोदामाचे दार उघडले आणि इतक्या दिवसांनी प्रकाश माझ्या घड्यांत शिरला! चार खांब रोवून त्यांनी मला खाडीकाठच्या मैदानावर ताणले. खाली मुले बसली आणि पाढे म्हणू लागली. त्या आवाजाने मी हळूच फुगलो. वाटले, आपण पुन्हा कुठेतरी निघालो आहोत.

काही दिवसांनी एक मुलगी सावलीच्या कडेला येऊन उभी राहिली. तिचे नाव मबरूका. रंगाने काळीभोर, केस कुरळे, हातात पाण्याचा डबा. तिची आई बखिता घरोघर पाणी भरत असे. बखिताच्या आईला लहानपणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून होडीत घालून आणले होते आणि इथे विकले होते. आता कुणी कुणाचा मालक उरला नव्हता. पण लोक बखिताला हाक मारत त्या सुरात अजून मालकी होती.

"बैठो," मैमुनाबी म्हणाली. मबरूका बसली. तिच्यामागून तिच्या वस्तीतली आणखी मुले आली, काही बलुची मुले आली. मैमुनाबीने वाळूवर बोटाने अलिफ, अरबीतले पहिले अक्षर, काढला. तो सगळ्यांनाच हवा होता.

मग कुरबुर सुरू झाली. काही आया म्हणाल्या, आमच्या मुली त्यांच्या शेजारी बसणार नाहीत. खैरुद्दीनशेठना भांडण नको होते. त्यांनी एक दोरी आणली आणि दोन खुंट्या ठोकून जमिनीपासून वीतभर उंचीवर बांधली. "भाभी, त्यांना हाकलू नका," ते म्हणाले. "ऐकू देत. पण दोरीच्या पलीकडे बसू देत."

दोरीच्या पलीकडे माझी सावली नव्हती. मबरूका डोक्यावर ओढणी घेऊन उन्हात बसे. मी तिच्यापर्यंत पोचावे म्हणून ताणून घेई, पण खांबाला बांधलेले शीड किती ताणणार?

परंतु सूर्य एका जागी थांबत नाही. तो कलला की सावली सरकत सरकत दोरी ओलांडून पलीकडे जाई. मग आतली मुले उन्हात आणि बाहेरची सावलीत. आतली मुले तिथेच घाम पुसत बसत. एक दिवस खैरुद्दीनशेठची मुलगी झुबेदा उठली, पाटी उचलली, दोरीवरून पाय टाकला आणि मबरूकाला खेटून बसली. तिच्यामागून बाकीचीही गेली. दोरीच्या अलीकडे नुसती वाळू उरली.

त्याच वेळी शेठ तिथे आले.

"झुबेदा! यल्ला, इकडे ये."

"कमिंग, अब्बा," ती म्हणाली, पण हलली नाही. "सावली इकडे आहे ना."

मैमुनाबीला हसू आवरेना. शेठना मात्र हसू आले नाही. मुलीचा हात धरून ते तिला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी ते फंडातल्या दोघांना घेऊन आले. "भाभी, फंड कोकणातल्या मुलांसाठी आहे. तसं ठरलंय. दुसऱ्यांची पोरं बसवायची असतील तर फंड मदत करू शकणार नाही."

"भूक लागली की त्यांना काय वेगळी लागते, शेठ?"

"मी नाही म्हणतो का? पण लोक ऐकत नाहीत. तुम्ही एकट्या आहात. तुमचं घर कसं चालेल? मग दाभोळला परत जावं लागेल."

मी वर श्वास रोखून होतो. मैमुनाबी म्हणाली, "मबरूकाला मी ऊठ म्हणणार नाही. ते माझ्या तोंडून निघायचं नाही."

"मग खलास. शीड उतरवा," बरोबरचा एक माणूस म्हणाला आणि खांबाकडे वळला.

मैमुनाबी त्याच्या आडवी उभी राहिली. "हात लावू नका. फंड तुमचा आहे. शीड माझ्या नवऱ्याचं आहे."

त्यांनी मला हात लावला नाही. पण तांदूळ बंद झाले, दूध बंद झाले. कोकणी मुले एकेक करून यायची थांबली. त्या उन्हाळ्यात मैमुनाबी लोकांचे कपडे शिवून दिवस काढत होती. बखिता रोज तिच्या दाराशी पाण्याचा एक डबा ठेवी आणि कधी पानात गुंडाळलेली मासळी. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. बखिता "मैमुना" म्हणे, मैमुनाबी "बहन" म्हणे, आणि तेवढ्यावर त्या खूप वेळ बसून राहत.

एका दुपारी खैरुद्दीनशेठ एकटेच आले. तोंड उन्हाने लाल झाले होते. ते सरळ माझ्या सावलीत येऊन वाळूवर बसले.

"पाणी मिळेल का, भाभी?"

मैमुनाबीने पाणी दिले. ते घटाघटा प्यायले. मग बोलू लागले. वाळवंटातल्या एका तेल कंपनीच्या छावणीवर ते तांदूळ पोचवायला गेले होते. आत थंड पाण्याचे मशीन होते. त्यांनी पाणी मागितले. "तिथला गोरा साहेब म्हणाला, इंडियन लोकांचं पिंप बाहेर आहे. पिंप उन्हात होतं, भाभी. पाणी चहासारखं गरम." त्यांनी पेला वाळूवर ठेवला. "तो साहेब माझाच तांदूळ खातो. आत बसून."

समोर, ती दोरी अजून बांधलेली होती आणि तिच्या पलीकडे मबरूका उन्हात पाटीवर काहीतरी गिरवत होती, कारण त्या जागेची तिला सवय झाली होती. शेठ तिच्याकडे पाहत राहिले. मग उठले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने खुंट्या उपटल्या. माझा एक कोपरा सुटून फडफडत होता. त्याच दोरीने त्यांनी तो खांबाला घट्ट बांधला.

"बेटा, इधर आ," ते मबरूकाला म्हणाले. "अंदर बैठ."

पुढचे सोपे नव्हते. फंडाच्या बैठकीत खूप आरडाओरडा झाला. दोन कुटुंबे फंड सोडून गेली, ती परत आली नाहीत. पण नियम बदलला. फंड खाडीकाठच्या सगळ्या मुलांचा झाला. बखिताच्या वस्तीतही दूध आणि औषध जाऊ लागले. ही मदत कृपा म्हणून जाऊ नये याची काळजी मैमुनाबीने घेतली. तिने बखिताला फंडाच्या बैठकीत आपल्या शेजारी बसवले. झुबेदा परत आली आणि थेट मबरूकाजवळ जाऊन बसली.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षे मला समुद्रावरच्या वर्षांहून प्रिय आहेत. मराठी, अरबी, बलुची, सगळे सूर माझ्याखाली एकत्र होऊन वर येत, आणि मी दिवसभर तरंगत असे. पण ऊन कापडाला सोडत नाही. मी विरत गेलो. फंडाने सिमेंटच्या दोन खोल्या बांधल्या तेव्हा मला आनंद झाला आणि थोडे एकटेही वाटले. कोपऱ्यात माझी घडी पडून राहिली. उंदरांनी मला कुरतडले.

मैमुनाबी दाभोळला परत जायला निघाली, तेव्हा तिने आणि बखिताने मला अंगणात पसरले. एकीने धरले, दुसरीने कात्री चालवली. मला दुखले नाही. माझ्या धड भागांची त्यांनी नव्या मुलांसाठी दप्तरे शिवली. उरलेला एक तुकडा मबरूका घेऊन गेली. ती आता मोठी झाली आहे आणि दुबईजवळच्या उम्म अल कुवैन गावाच्या शांत किनाऱ्यावर फंडाने काढलेल्या बालवर्गात लहानांना शिकवते. तिथल्या खिडकीवर ऊन अडवायला मी टांगलेला आहे.

मुलांनो, तुम्ही मोठे झालात की तुम्हीही कधी कुणाला मदत कराल. ती जरूर करा. पण देताना, ज्याला देता त्याला कुठे बसवले आहे, तेही एकदा पाहा.

समुद्राचा वारा आला की मी खिडकीवर हलतो. आज सकाळी एक चिमुकला मुलगा माझ्याखाली झोपी गेला. तो कुठला, कुणाचा, मला माहीत नाही. मबरूकाने मला जरासे ओढून त्याच्या तोंडावरचे ऊन अडवले.