नावाड्याचं ओझं

ओनोरातोने आयुष्यात एकच भूमिका केली, आणि ती त्याला पुरली: पुराच्या पाण्यातून परक्या बाईचं तान्हं मूल खांद्याशी धरून पैलतीरी नेणारा नावाडी. पुढे रिओच्या चित्रपटवाल्यांनी त्याला एकदा प्रियकर करून पाहिलं, लोक पोट धरून हसले, आणि तोही हसत हसत आपल्या नदीकाठच्या गावी परत आला. इथे कोळीण 'नावाडीबुवां'साठी मोठा मासा वेगळा काढून ठेवी, आणि दर रविवारी दुपारी गावच्या थिएटरात तोच मूकपट लागला, की तो, मागूनही चित्र दिसावं म्हणून ओल्या केलेल्या पडद्यामागे उभा राहून स्वतःच्या हलत्या ओठांना आवाज देई.

त्याची बायको झुल्मिरा पाच महिन्यांच्या बेंतोला घेऊन पुढच्या बाकावर बसे. नावाडी पाण्यात उतरला की ती बाळाला पदराखाली घेई. तो काठाला लागेपर्यंत एक बाजू पिऊन होई. मग एका रविवारी तिच्या लक्षात आलं, की दुसरी बाजूही संपत आली तरी नावाडी अजून कमरेइतक्या पाण्यातच आहे.

यंत्र चालवणारे लिंदोल्फोकाका म्हणाले, फीत दर आठवड्याला तुटते, तुटली की दोन बोटांएवढा तुकडा कापून चिकटवायची, तेव्हा चित्रपट आखूडच होत जाणार. तू जरा झोप काढ, पोरी. झोप तिची अपुरी होतीच. बाळाचा श्वास चालू आहे ना, हे पाहायला ती त्याला उठवी, आणि मग तो झोपत का नाही याची काळजी करी, इतपत तिला स्वतःची ओळख होती. पण दर सोमवारी पीठवाल्याच्या काट्यावर बेंतोला ठेवलं की काटा सहा किलोंवर थांबे. सहा आठवडे तो तिथेच होता. पोरगं हसे, पोटभर पिई, आणि वाढत नसे. थंडी सोसेल असं वाटत नाही, एवढं बोलून औषधवाला बाटल्या पुसायला लागला होता.

जेवताना तिने नवऱ्याला नदीबद्दल विचारलं.

"चार वाक्यं वाढवलीत मी," तो शांतपणे म्हणाला. "मूल जड झालंय ना आता."

"त्या गाठोड्यात मक्याचा पाला होता. तूच सांगितलंस."

"तेव्हा होता." मग मोठ्या प्रेमाने बेंतोला वर उचलून म्हणाला, "आणि हे बघ आमचं हलकं पीस."

पुढच्या रविवारी बेंतो दोन्ही बाजू संपवून झोपीही गेला, तरी नावाडी चालतच होता, मान एका अंगाला कललेली, आणि पडद्यामागचा ओनोरातोचा आवाज धापा टाकत होता. काठावर चित्रपटातली आई हात पसरून उभी होती. झुल्मिरा कधी उठली ते तिचं तिलाच कळलं नाही. बाळ डाव्या खांद्यावर, उजवा हात पुढे केलेला, अशी ती पडद्यापुढे जाऊन उभी राहिली, आणि तिची सावली नेमकी त्या बाईवर पडली.

"खाली बसा वहिनी," मागून कोणीतरी म्हणालं, "नवरा घरी रोज बघताच की."

थिएटर हसलं. नावाड्याने गाठोडं सावलीच्या हातात दिलं, आणि झुल्मिराचा डावा खांदा एकदम खाली ओढला गेला.

सोमवारी काटा साडेआठवर गेला. पीठवाल्याने बाळाला तीनदा ठेवून पाहिलं आणि विचारलं, "दूध पाजता की लोणी, बाई?" कित्येक आठवड्यांनी ती मोकळेपणी हसली.

कोवळ्या उन्हात, गुणगुणत, ती घरी निघाली. बाळ तिच्या छातीशी निवांत होतं. तिने वाकून पाहिलं, तेव्हा त्यानेही, होडीतून उतरताना उतारू नावाड्याकडे पाहतो तसं, तिच्याकडे एकदा सभ्यपणे पाहिलं. आणि मग तिच्या खांद्यावरून मागच्या रिकाम्या रस्त्याकडे, काठावर ओळखीचं माणूस उभं दिसल्यासारखं, दोन्ही हात पसरले.